अंकांशी खेळणारा मास्तर : द. रा. कापरेकर

खेळ आणि अभ्यास यांची आपल्याकडे फार जुनी फारकत झालेली आहे. अभ्यास आटोपला तरच खेळाला परवानगी, असा घरोघरचा दंडक असतो आणि परीक्षा जवळ आली की पहिली गदा खेळावरच येते. त्यामुळे खेळता खेळता कोणी काही शिकतो, किंवा एखादा मनुष्य जन्मभर खेळतच राहिला आणि त्याचे नाव जगातील गणिताच्या पुस्तकांत छापले गेले, हे आपल्याला सहजासहजी पटत नाही.

आपल्या नव्या मुंबईत, वाशी-नेरूळपासून ऐरोलीपर्यंतच्या इमारतींतून, आज चौदा-पंधरा वर्षांची मुले कोणत्याही क्लासला न जाता संगणकावर खेळ लिहू लागली आहेत. खेळ खेळणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. खेळणारा दुसऱ्याने घातलेल्या नियमांत वावरतो. लिहिणाऱ्याला नियमच घडवावा लागतो. चेंडू भिंतीवर आपटला तर कोणत्या दिशेला परतेल, गुण केव्हा वाढतील, डाव केव्हा संपेल, हे सारे त्याला आधी ठरवावे लागते. परंतु वडीलधाऱ्यांना हा फरक दिसत नाही. त्यांना दोन्ही वेळा मुलगा पडद्यासमोर बसलेलाच दिसतो, आणि दोन्ही वेळा बोलणी सारखीच बसतात.

अशा मुलांचा पूर्वसूरी कोण, असा प्रश्न केला तर आपली नजर ताबडतोब अमेरिकेकडे वळते. वस्तुतः एक पूर्वसूरी अगदी आपल्या जवळचा आहे. तो जुन्या ठाणे जिल्ह्यात जन्मला, खाडीपलीकडच्या ठाण्यात शाळेला गेला आणि देवळालीत मास्तरकी करून जगला. कागद आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर त्याने असे खेळ रचले, की ते आज जगभरचे शिकाऊ विद्यार्थी संगणकावर उतरवून पाहतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्याचे नाव.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून. घरची परिस्थिती बेताची. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना आई गेली आणि मुलाचे संगोपन वडिलांवर आले. या वडिलांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. आता ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड ही आलीच. अंश, कला, वेळेचे हिशेब, बेरजा आणि वजाबाक्या हे सर्व मुलाच्या डोळ्यांदेखत घरात चाललेले असे. ग्रहांनी त्याच्या भविष्यात काय लिहिले होते ते ग्रहच जाणोत. त्या कागदांवरील आकड्यांनी मात्र त्याला कायमचे वश करून घेतले. ज्योतिष वडिलांपाशी राहिले आणि अंक मुलाकडे आले.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. १९७० नंतर सिडकोने वसवलेल्या आपल्या शहराचे त्या वेळी नावही नव्हते. खाडीच्या या काठाला आगरी-कोळ्यांची गावे, भातशेती आणि मिठागरे होती. पलीकडच्या काठावर हा मुलगा शाळेचा अभ्यास सांभाळून कोडी सोडवीत बसे. एखादे मोठे गणित थोडक्या पायऱ्यांत कसे सुटेल याच्या युक्त्या शोधण्यात त्याचे तासन्‌ तास जात. शाळेचे गणित परीक्षेपुरते असते आणि उत्तर मिळाले की ते संपते. या मुलाच्या दृष्टीने मात्र उत्तर मिळाले म्हणजे खेळाला सुरुवात झाली. दुसऱ्या अंकावर हीच युक्ती चालेल का? तीन अंकी संख्येवर चालली, तर चार अंकींवर चालेल का? असे प्रश्न मुलाने स्वतःलाच घालायचे असतात. कोणतीही प्रश्नपत्रिका ते विचारीत नाही. स्वतः शिकणाऱ्याची खरी खूण ही होय.

१९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावामुळे त्या महाविद्यालयाला गणिताच्या क्षेत्रात एक तेज होते. त्याच रँग्लर परांजप्यांच्या नावाचे, गणितातील स्वतंत्र लेखनासाठीचे पारितोषिक कापरेकरांनी १९२७ साली मिळवले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्‌सी. झाले. तेव्हा कापरेकर निव्वळ अशिक्षित प्रतिभावंत होते, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. कॉलेजचे शिक्षण त्यांना लाभले होते. परंतु त्यापुढची पदवी त्यांनी कधी घेतली नाही, संशोधनासाठी त्यांना कोणी गुरू लाभला नाही, आणि ज्या विषयात त्यांचे नाव झाले तो विषय त्यांना कोणत्याही वर्गात कोणी शिकवलेला नव्हता. तो त्यांनी आपला आपण घडवला.

त्यांच्या शोधांची नावेही मोठी बोलकी आहेत. डोंबिवली स्टेशन आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? जी. आय. पी. रेल्वेच्या काळात या स्टेशनाचे नाव ‘डेमलो’ असे सांगितले जाई. त्या स्टेशनावर असताना कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, आणि त्यांनी त्या संख्यांना नाव देऊन टाकले, डेमलो संख्या. १६५ ही संख्या घ्या. दोन टोकांचे अंक १ आणि ५. त्यांची बेरीज ६, आणि तोच अंक मध्ये बसलेला. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोन पाच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये तीन सात. १११ चा वर्ग १२३२१ होतो, ११११ चा वर्ग १२३४३२१ होतो. या चढत्या-उतरत्या संख्यांनाही त्यांनी आपल्या डेमलो कुटुंबात मानाचे स्थान दिले. १९४८ साली या विषयावरची पुस्तिका त्यांनी देवळालीहून प्रसिद्ध केली. लोकलची वाट पाहणारी माणसे त्या फलाटावर रोज हजारोंनी उभी असतात. त्यांतील एकाने गाडीच्या वेळेऐवजी अंकांकडे पाहिले, म्हणून डोंबिवलीचे जुने नाव गणितात राहिले.

१९३० साली कापरेकर नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. बत्तीस वर्षे एक गाव आणि एक व्यवसाय. देवळाली म्हणजे लष्करी छावणीचे आणि हवापालटाला येणाऱ्या लोकांचे ठिकाण. तेथे विद्यापीठ नव्हते, की गणितज्ञांची बैठक जमत नव्हती. दिवसा वर्ग, वह्या, परीक्षा. आणि उरलेल्या वेळात अंक. गणित परिषदांच्या अधिवेशनांना मात्र ते हौसेने जात, आपल्या शोधांवर बोलत. पुस्तिका छापायच्या तर त्याही स्वतःच. शाळामास्तराच्या पगारात हे सारे कसे बसत असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी शिक्षक आहेत त्यांना सहज करता येईल.

आता ज्या खेळामुळे त्यांचे नाव दूरवर गेले त्याकडे वळू. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. त्याच साली न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यांचे टिपण आले. त्याचे शीर्षक होते ‘अनदर सॉलिटेअर गेम’, म्हणजे एकट्याने खेळायचा आणखी एक खेळ. वाचकांनी या शीर्षकाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. त्यात प्रमेय किंवा सिद्धांत यांपैकी कोणताही भारदस्त शब्द नाही. खेळाला त्यांनी खेळच म्हटले.

खेळ असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठीतून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. आपण मास्तरांचे जन्मसालच घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि ६१७४ वर तीच क्रिया पुन्हा केली, तर ७६४१ मधून १४६७ वजा जाऊन पुन्हा ६१७४ च उरते. येथे डाव थांबतो. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ पाशी येऊन पोचता. मास्तरांचे जन्मसाल नेमक्या सात पायऱ्या घेते, हा योगायोग त्यांच्या वडिलांच्या ज्योतिषप्रेमाला फार आवडला असता. १९४७ पाच पायऱ्यांत पोचते, २००० चारच पायऱ्यांत. ज्याने त्याने आपले जन्मसाल घेऊन पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. पंढरीच्या वाटा अनेक असल्या तरी वारी एकाच ठिकाणी पोचते, तसे हे आहे.

असे का व्हावे? याचे उत्तर कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही कळण्याजोगे आहे. शून्याने सुरू होणाऱ्याही धरल्या, तर चार अंकी संख्या दहा हजार. त्यांतून सर्व अंक सारखे असलेल्या दहा वगळल्या की ९९९० उरतात. परंतु पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज म्हणजे ते उत्तर. १९०५ मध्ये पहिला फरक ९ आणि दुसरा ४, म्हणून ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१. आता पहिला फरक १ ते ९ पर्यंतच असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. म्हणजे ९९९० वाटसरू पहिल्याच पावलात ५४ दारांतून आत येतात. एवढी दारे एकेक करून हातानेही तपासता येतात, आणि ती तपासली की सर्वांचा रस्ता ६१७४ कडे जातो हे सिद्ध होते. १९५५ साली त्याच नियतकालिकात ६१७४ या संख्येच्या गुणधर्मावर कापरेकरांचे आणखी एक टिपण प्रसिद्ध झाले. आज जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आरंभी उल्लेखिलेल्या मुलांशी कापरेकरांचे नाते येथे जुळते. संगणकाचा कोणताही खेळ सोलून पाहिला तर आत तीन गोष्टी सापडतात : या क्षणीची स्थिती, ती बदलणारा नियम आणि थांबण्याची अट. कापरेकरांच्या खेळात या तिन्ही आहेत. हातातील संख्या ही स्थिती; अंकांची मांडणी करून वजाबाकी हा नियम; उत्तर बदलेनासे झाले की थांबणे ही अट. म्हणूनच प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या मुलांपुढे हा खेळ सराव म्हणून येतो, आणि काही ओळींतच पडद्यावर धावू लागतो.

तो लिहिताना मूल जे शिकते तेही पाहण्यासारखे आहे. २००० ही संख्या उलटी मांडल्यावर ०००२ होते. पुढची शून्ये गाळली तर पुढच्या पायऱ्या चुकू लागतात, म्हणून शून्यालाही जागा द्यावी लागते. ११११ घेतली तर उत्तर शून्य येते. तेव्हा नियमाला अपवाद लिहावा लागतो. आणि हाच खेळ दोन अंकी संख्यांवर चालवला तर ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरू लागते. एका संख्येवर स्थिरावण्याची वाट पाहणारा प्रोग्रॅम मग कधी थांबतच नाही! तीन अंकींत सर्व वाटा ४९५ ला मिळतात. पाच अंकींत मात्र मुक्कामाचे एक ठिकाणच नाही. उदाहरणार्थ, ५३९५५ वरून ५९९९४ आणि तेथून परत ५३९५५, असे हेलपाटे सुरू होतात. चार अंकींचा चमत्कार सगळीकडे लागू पडेल असे गृहीत धरणाऱ्याला खेळच समज देतो. नियम आपण केला असला तरी त्याचे परिणाम आपल्या इच्छेने ठरत नाहीत, ते तपासूनच पाहावे लागतात. शिस्त म्हणतात ती हीच, आणि ती येथे छडीवाचून येते.

हाताने खेळणाऱ्या देवळालीच्या मास्तरांच्या समकालीन जगात काय चालले होते? इंग्लंडात हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत क्रिस्टोफर स्ट्रेची नावाचा एक मास्तर होता. १९५१ च्या सुमारास त्याने शाळेचे काम सांभाळून, फावल्या वेळात, संगणकाने ड्राफ्ट्स हा पटावरील सोंगट्यांचा खेळ खेळावा असा प्रोग्रॅम रचला. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत मँचेस्टरच्या यंत्रावर तो पूर्ण डाव खेळू लागला. संगणकावरील खेळांच्या इतिहासात हे नाव अगदी आरंभी येते. दोघेही शाळामास्तर आणि दोघांच्याही हौशीचा विषय खेळ. परंतु स्ट्रेचीला यंत्र मिळाले आणि तो पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला. आपल्याकडे पहिला संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली आला, म्हणजे ज्या साली कापरेकरांचे ६१७४ वरील टिपण छापले गेले त्याच साली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा मोठा संगणक १९६० साली सुरू झाला. १९६२ साली त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले, तेव्हा कापरेकर निवृत्त होत होते. मुंबई ते देवळाली हे अंतर रेल्वेने काही तासांचेच. पण संस्था आणि शाळा यांच्यामधील अंतर रेल्वेने तोडता येत नाही.

कापरेकरांचे बाकीचे खेळही याच जातीचे आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. या कापरेकर संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे संस्कृत नाव दिले. १८ ही हर्षद, कारण १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. १९०५ हीदेखील हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १५, आणि १५ गुणिले १२७ म्हणजे १९०५. संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने सांगावे की हा शब्द आज परदेशी गणिती लेखनात जसाच्या तसा वापरला जातो. विख्यात ज्योतिर्विद कोपर्निकसच्या जन्मतारखेवरून त्यांनी एक जादूचा चौरसही रचला होता.

परंतु मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतात त्या देवळाली संख्या. २१ घ्या आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, २४ येतात. २४ मध्ये ६ मिळवले की ३०, मग ३३, ३९, ५१, ५७, असा वंश चालू राहतो. येथे २१ ही २४ ची जननी. आता काही संख्यांना अशी जननीच सापडत नाही. २० च्या मागे जाऊन पाहा : १५ पासून २१ होतात, १४ पासून १९ होतात, २० कोणापासूनच होत नाहीत. ३१, ४२, ५३, ६४ यांचीही तीच कथा. इंग्रजीत या ‘सेल्फ नंबर’ झाल्या. आपण त्यांना स्वयंभू संख्या म्हणू. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावाचेही नाव दिले आणि १९६३ साली देवळालीहूनच त्यांच्यावर पुस्तिका काढली. उलट १०१ सारखी संख्या दोन ठिकाणांहून येते, ९१ पासून आणि १०० पासूनही. अशा संख्येला त्यांनी जंक्शन म्हटले. रेल्वेने हिंडणाऱ्या माणसाला याहून योग्य शब्द कोठून सुचणार?

हे सारे वाचून कोणाला वाटेल की मास्तरांना डोक्यावर घेतले गेले असेल. तसे झाले नाही. त्या काळच्या अनेक विद्वानांना हे गणित हलके वाटे. त्यांच्या बाजूनेही काही बोलता येते. कापरेकरांच्या बहुतेक शोधांतून विज्ञानाचे एखादे कोडे सुटले किंवा एखादे यंत्र चालू लागले असे नाही. पुष्कळ गोष्टी तर आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून तशा दिसतात, आठाच्या किंवा बाराच्या पटीने मोजू लागलो तर ६१७४ चे हे माहात्म्य उरत नाही. हे आक्षेप खरे आहेत. पण त्यांनी मोजमाप कशाचे केले? उपयोगाचे. बुद्धिबळाचा उपयोग काय, कवितेचा उपयोग काय, हा प्रश्न आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना नातेवाइकांच्या घरी वरचेवर ऐकावा लागतो, म्हणून त्यातील बोच आपल्याला ठाऊक आहे. कापरेकरांनी या प्रश्नाशी वाद घातला नाही. ते पुढची संख्या तपासत राहिले.

या निष्ठेची किंमत मात्र त्यांना द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते, तेव्हा चरितार्थासाठी उतारवयात गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. खेळाने पोट भरत नाही, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले. जे मूल खेळ लिहायला निघाले आहे त्याच्यापासून आपण हे लपवू नये. उद्या हा छंदच व्यवसाय होईल अशी लालूच दाखवून त्याला पुढे ढकलणे जितके चुकीचे, तितकेच पैसा मिळणार नाही म्हणून मागे खेचणेही चुकीचे. कापरेकरांच्या खेळाचे वेतन त्या खेळातच होते. आपले जुने लोक याला स्वान्तःसुखाय म्हणत.

जगाची दाद आली ती सत्तराव्या वर्षी. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती खेळांवर सदर लिहीत, आणि ते जगभर वाचले जाई. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकरांच्या कामाचा परिचय करून दिला, आणि देवळालीचे मास्तर एकदम देशोदेशीच्या गणितप्रेमींना ठाऊक झाले. या गार्डनरांबद्दल एक गोष्ट आपल्या महाविद्यालयात आवर्जून सांगितली पाहिजे. ते गणिताचे पदवीधर नव्हते. शिकागो विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान घेतले होते, म्हणजे आपल्याच शाखेतले! ज्यांची विद्या गणित होती त्यांतील अनेकांनी कापरेकरांना बाजूला ठेवले, आणि कला शाखेच्या एका पदवीधराने त्यांना उजेडात आणले. खेळाची कदर करायला खेळकर मन लागते.

१९८६ साली कापरेकरांचे निधन झाले. त्या वेळी आपल्याकडील सर्वसामान्य घरांत संगणक आलेले नव्हते. आता ते टेबलावर आणि खिशात आहेत, आणि त्यांच्याबरोबर कापरेकरांचे खेळही घराघरांत शिरले आहेत. ५४ दारे हाताने तपासायला एक संध्याकाळ पुरते; दहा हजार संख्या यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासते. पण कोणती संख्या तपासायची, कोणता नियम लावून पाहायचा, हे यंत्राला सुचत नाही. ते सुचायला डहाणूच्या त्या पोरक्या मुलासारखे, उत्तर मिळाल्यावरही न उठणारे मन लागते.

स्वतः शिकणे म्हणजे कोणाचेही ऋण नसणे नव्हे. कापरेकरांनी वडिलांच्या कुंडल्यांकडून आकडेमोड घेतली, फर्ग्युसनकडून गणिताची भाषा घेतली, रेल्वेकडून नावे घेतली. स्वतःचे असे त्यांनी एकच घातले, ते म्हणजे प्रश्न. आपल्या शहरातील जी मुले आज आपल्या खोलीत बसून एखाद्या चेंडूला पडद्यावर उसळी मारायला शिकवीत आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही पुस्तकात येणार नाहीत. त्याचे काही बिघडत नाही. स्वतः घातलेला नियम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत चालवून पाहण्याची सवय त्यांना लागली, तर ती पुढे कोणत्याही विषयात उपयोगी पडेल. इतिहासाचा पुरावा तपासतानाही हीच सवय लागते आणि कवितेचा अर्थ लावतानाही हीच.

देवळालीच्या या मास्तरांना आपण वंदन करू या. आणि ते करायचे तर हार-तुरे नकोत. जवळ पडलेल्या कागदावर कोणतीही चार अंकी संख्या लिहावी आणि वजाबाकीला लागावे. सात पायऱ्यांच्या आत मास्तर भेटतात.